मुलांना निदानाचं लेबल: आधार की अडथळा?

पावकीदिडकी:
पुतण्या तिसरीत आहे. वाचताना अडखळतो, ‘घ’ आणि ‘ध’ची गल्लत करतो. शाळेच्या सांगण्यावरून तपासणी केली, डिस्लेक्सिया निघाला. तेव्हापासून बाई त्याला धडा वाचायला उठवतच नाहीत. “त्याला एलडी (अध्ययन अक्षमता) आहे, राहू दे.” माझ्या मते एवढ्या लहान वयात लेबल नकोच, मदत काय, ती कागदाविनाही करता येते. 1968 साली रोझेंथल आणि जेकबसन या संशोधकांनी कॅलिफोर्नियातल्या एका शाळेतला प्रयोग प्रसिद्ध केला. काही मुलांची नावं वाटेल तशी निवडून शिक्षकांना सांगितलं, ही यंदा चमकणार. पहिली-दुसरीतल्या त्या मुलांचे बुद्ध्यांक खरंच जास्त वाढले. मग ‘याला जमणार नाही’ असं कानावर घातलं तर?

दहावीचीआई:
कागदाविना? बोर्डात जाऊन सांगा बरं! तासाला 20 मिनिटं जादा वेळ, लेखनिक, कॅल्क्युलेटर, यातलं काहीही प्रमाणपत्राशिवाय मिळत नाही. माझा मुलगा सतरा सख किती ते तोंडी पटकन सांगायचा, पण वहीच्या एकाच पानावर ‘शाळा’ तीन तऱ्हांनी लिहायचा. निदान होईपर्यंत ‘ढ’, ‘आळशी’, ‘लक्षच नसतं’ हे सगळं ऐकून झालं होतं. ती लेबलं फुकट मिळतात, डॉक्टर लागत नाही.

झेडपीमास्तर:
तुमचं भांडण शहरातलं आहे. आमच्याकडे नंदुरबारच्या धडगाव भागात पोरं घरी पावरी ही आदिवासी बोली बोलतात आणि पहिलीत थेट मराठी पुस्तक हातात येतं. अडखळणार नाहीत तर काय? अशा पोराला इंग्रजी चाचणी लावून काय कळणार? राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राच्या डिस्लेक्सिया ओळखणाऱ्या ‘डाली’ चाचण्या मराठीत आहेत, पण मराठी ही त्याच्या घरची भाषा नाहीच. लेबलाला माझा विरोध नाही, घाईला आहे. केंद्र सरकारच्या 2018च्या मार्गदर्शक सूचनांतही आठव्या वर्षानंतर 14 आणि 18 व्या वर्षी पुन्हा तपासणी सांगितली होती, ती काही उगीच नाही.

व्हँकुव्हरकर:
घाईबद्दल सहमत. आमच्या कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात शाळाप्रवेशाचं वर्ष 31 डिसेंबरला संपतं. 2012च्या इथल्या अभ्यासात जानेवारीत जन्मलेल्यांच्या तुलनेत डिसेंबरातल्या मुलग्यांना एडीएचडीचं (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा) निदान 30 टक्के जास्त झालेलं दिसलं, मुलींना 70 टक्के. वर्गात सगळ्यांत लहान असणं हाच आजार ठरला म्हणायचा!

दहावीचीआई:
एडीएचडी आणि डिस्लेक्सिया एकाच पंगतीला बसवू नका. आणि पावकीदिडकी, बाईंनी उठवणं सोडलं हा दोष बाईंचा. अहवालाच्या शेवटी शिफारशी असतात: उतारा आदल्या दिवशी घरी द्या, आयत्या वेळी वाचायला लावू नका, तोंडी उत्तर घ्या. वर्गात वाचू देऊ नका असं तर कुठेच नसतं ना?

पावकीदिडकी:
नाहीच. पानभर शिफारशी आहेत, पण इंग्रजीत. शाळा मराठी माध्यमाची. बाईंनी पहिल्या पानावरचा आजार वाचला आणि फाईल कपाटात ठेवली.

दहावीचीआई:
मग ते पान मराठीत करून सोमवारी बाईंच्या हातात द्या.

पावकीदिडकी:
देतो. पण जूनमध्ये चौथीच्या बाईंकडे ते पान जाईल की नुसतं ‘एलडी’ हे कानोकानी जाईल, याची खात्री आहे तुम्हाला?