बुलेटचं कॉम्प्रेशन गेलंय, थेट बोअर मारायचं का?

वाघबीळ_३५०
मंडळी, बाबांची ९६ सालची बुलेट आहे, जुनं कास्ट आयर्न इंजिन. आधी किकवर उभं राहिलं तरी पटकन खाली जायची नाही, आता हातानं दाबली तरी फुस्स करून बसते, म्हणजे सिलिंडरात हवा दाबून धरलीच जात नाही. स्टार्ट होते कशीबशी पण गरम झाली की आयडलिंगला बंद, आणि वाघबीळ सोडून पन्हाळ्याच्या चढाला लागलं की दुसरा गियर टाकावाच लागतो. धूर फारसा नाही. मिस्त्री म्हणतोय पिस्टन गेला, बोअर मारू, म्हणजे सिलिंडर आतून कापून मोठा पिस्टन घालू. बाबांनी जिवापाड जपलेली गाडी आहे, उगाच इंजिन खोलायला मन होत नाही. खोलायच्या आधी नक्की काय गेलंय ते कसं ओळखायचं?

करवीर_गिअरबॉक्स
भावा थांब जरा. धूर नाही म्हणतोस तर पिस्टनची रिंगच गेली असं धरून चालू नको. पहिलं डीकम्प्रेसर (किक सोपी जावी म्हणून दाब सोडायची सोय) बघ, त्याची केबल ताणलेली असली की तो हेडातला, म्हणजे सिलिंडरच्या वरच्या झाकणातला, छोटा व्हॉल्व्ह पूर्ण बसतच नाही आणि सगळं कॉम्प्रेशन तिथनं जातं, लिव्हरला थोडा प्ले पाहिजेच. मग टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांडीची (पुशरॉडची) सेटिंग. इंजिन एकदम थंड असताना, पिस्टन कॉम्प्रेशनला वर आणून, उजव्या बाजूचं झाकण काढ. पुशरॉड बोटानं सहज फिरला पाहिजे पण वर-खाली हलता कामा नये. टॅपेट टाईट असला तर व्हॉल्व्ह उघडाच राहतो, आणि तसंच चालवत राहिलं तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो. हे दोन्ही बघायला पाना सोडून काही खर्च नाही, आणि हे न बघता बोअर मारा म्हणणारा मिस्त्री मला तरी पटत नाही.

जुना_लेथवाला
वरचं बरोबर आहे. ते झालं की प्लगच्या भोकात कॉम्प्रेशन मोजायचा गेज लावा. गाडी गरम करून, प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडा धरून काटा थांबेपर्यंत किक मारायची. थ्रॉटल बंद ठेवून मोजलं तर हवाच आत जात नाही आणि चांगलं इंजिनही खराब दिसतं, निम्मे लोक इथंच फसतात. आकडा लिहून ठेवा. मग प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडून परत मोजा. आकडा चांगला वाढला तर रिंग नाहीतर बोअर, कारण ऑइलनं ती फट तात्पुरती बुजते. वाढलाच नाही तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. आकडा आजकालच्या गाड्यांशी ताडून बघू नका, या इंजिनाचा कॉम्प्रेशन रेशोच (हवा किती पट दाबली जाते ते) कमी आहे.

वाघबीळ_३५०
काका, दादा, केबल खरंच ताणलेली होती, सैल केली. एक्झॉस्टचा टॅपेटही टाईट होता, सेट केला. किक थोडी जड झाली पण पहिल्यासारखी नाही. गेज ६० पीएसआय, ऑइल टाकून ६५. किकवर वजन देऊन उभं राहिलं की सायलेन्सरमधनं हवा निघाल्याचा आवाज येतोय, ब्रीदरमध्ये (इंजिनाच्या खालच्या भागातली हवा बाहेर सोडणारी नळी) काही नाही.

जुना_लेथवाला
मग एक्झॉस्ट व्हॉल्व्हच. कार्बोरेटरकडं आवाज आला असता तर इनलेट, ब्रीदरमधनं जोरात हवा आली असती तर रिंग. फक्त हेड उतरवा. व्हॉल्व्ह बसलेले असतानाच एक्झॉस्ट पोर्टमध्ये पेट्रोल ओता, सीटच्या (व्हॉल्व्ह जिथं टेकतो ती कड) बाजूनं पाझरलं की खात्री झाली. व्हॉल्व्हची कड जळलेली नसेल तर पेस्ट लावून घासून भागेल, सीटवर सगळीकडं सारख्या रुंदीचा राखाडी पट्टा दिसेपर्यंत घासायचं. कड खाल्ली असेल तर व्हॉल्व्ह नवीनच घाला आणि गाईडमध्ये (व्हॉल्व्हची दांडी सरकते ती नळी) हलतोय का तेही बघा, गाईड ढिला असला की नवीन व्हॉल्व्हही सरळ बसत नाही.

करवीर_गिअरबॉक्स
हेड निघालंच आहे तर बोअरला नख फिरवून बघ, वरच्या बाजूला खाच लागतेय का. लागली तर कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या वर्कशॉपात बोअर गेजनं वर, मध्ये, खाली, दोन्ही दिशांनी मोजून घे. आणि पुढं कधी बोअर मारायची वेळ आलीच तर पिस्टन आधी विकत घे आणि त्याच्या मापानं बोअर मारून घे. हेड बसवताना गॅस्केट नवीन.