तुमचे चित्रकलेचे सर किंवा बाई कसे होते? आठवणी लिहा

पिंपळपान

काल भाच्याचा इंटरमिजिएटचा, म्हणजे सरकारी चित्रकला ग्रेड परीक्षेचा, फॉर्म बघत होतो. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती नि अक्षरलेखन, ही नावं वाचली आणि आमचे सर असे समोर उभे राहिले की बास. म्हणून धागा काढतोय. मला विशेष करून अशा सरांबद्दल वाचायचंय जे शाळा सुटल्यावर स्वतःसाठीपण चित्रं काढायचे.

आमचे सर एटीडी (कलाशिक्षक पदविका) होऊन नोकरीला लागले, पुढं नोकरी सांभाळत एएम (आर्ट मास्टर) केलं. पहाटे नदीवर जाऊन लँडस्केप करायचे आणि प्रार्थनेच्या घंटेला शाळेत हजर. नखांत रंग तसाच असायचा. पहिल्या तासाला आम्ही विचारायचो, सर आज काय केलं, तर ओला कागद तसाच बेंचवर ठेवायचे. बिघडलेला असला तरी ठेवायचे. "इथं पाणी जास्त झालं बघा, घाटाच्या पायऱ्या वाहून गेल्या" असं सरळ सांगायचे आणि दुसऱ्या दिवशी तोच घाट परत. मोठा माणूस आपलं फसलेलं काम पोरांना दाखवतो हे मी इतर कुठल्याच विषयात बघितलं नाही.

बाटलीतला तयार हिरवा वापरू द्यायचे नाहीत. गँबोज पिवळ्यामध्ये प्रशियन ब्लू, त्यात तांबूस तपकिरी बर्न्ट सिएनाचं बोट, आणि मग प्लेटमध्ये ब्रश फिरवत विचारायचे, हा कशाचा हिरवा? आम्ही ओरडायचो बाभळीचा, उसाचा, शेवाळाचा. अर्धे डोळे मिटून बघायला त्यांनीच शिकवलं, बारीकसारीक दिसेनासं होतं नि नुसता उजेड-सावली उरते.

आणि आमच्या शाळेतल्या शिपाईमामांचं पोर्ट्रेट. मामा व्हरांड्यात स्टुलावर बसलेले, मांडीवर घंटेचा हातोडा. ते चित्र राज्य कला प्रदर्शनात लागलं तेव्हा सर मामांना घेऊन मुंबईला गेले. मामांनी इस्त्रीची टोपी घातली होती. परत आल्यावर मामा सगळ्यांना सांगायचे, तिथं लोक माझ्याकडं बघायचे मग चित्राकडं बघायचे मग परत माझ्याकडं.

लिहा तुम्हीपण.

खिडकीतली

मामांची टोपी!! काय लिहिलंय दादा. कुकर लावलाय, सविस्तर नंतर येते.

शेवटचा बाक

स्मरणचित्र म्हटलं की दोन डोंगर मधे सूर्य, नारळाचं झाड, झोपडी, नदी. विषय बाजार असो की लग्नाची वरात, पोरं मागं डोंगर काढणारच. आमच्या सरांनी एक दिवस आख्खा वर्ग उठवला नि एसटी स्टँडवर नेला, कागद पेन्सिल काही घ्यायचं नाही फक्त बघायचं. तिथं उभं करून हळूच एकेकाला विचारायचे, त्या आजींचा भार कुठल्या पायावर आहे, कंडक्टरच्या पेटीचा पट्टा कुठल्या खांद्यावरून येतो, पिशवी जड असली की दुसरा खांदा काय करतो. मग वर्गात येऊन काढायचं. त्या दिवशी पहिल्यांदा वर्गात कुणाच्याच कागदावर डोंगर नव्हता. मी आज एसटीतच नोकरीला आहे, स्टँडवर उभा राहिलो की अजून लोकांचे पाय बघतो.

घाटमाथा

@शेवटचा बाक कुठला डेपो? आमच्याकडं पहाटेची गाडी बंद केलीय, काही कळतंय का कधी सुरू होणार

शेवटचा बाक

@घाटमाथा माझा डेपो वेगळा आहे हो, तरी विचारून सांगतो.

बोरू आणि दौत

आमच्या बाई होत्या. त्या काळी गावात चित्रकलेला बाई म्हणजे लोकांना नवल वाटायचं. रोज सकाळी फळ्यावरचा सुविचार बाईंच्या अक्षरात, आणि तो पुसायची कुणाचीच हिंमत व्हायची नाही, दुसऱ्या दिवशी त्याच पुसायच्या. बोरू स्वतः तासून द्यायच्या, टोक तिरकं, मग कागदाशी पंचेचाळीस अंशांचा कोन धरून नुसत्या उभ्या आडव्या तिरक्या रेघा. पानंच्या पानं. अक्षर नंतर. मला तेव्हा कंटाळा यायचा पण एकदा का हात बसला की 'क'चं पोट आपोआप जाड-बारीक व्हायला लागलं आणि मी घरी पळत जाऊन आईला दाखवलं होतं.

बाईंची स्वतःची चित्रं म्हणजे मोठ्या कागदावर नुसती अक्षरं, एकमेकांत गुंतलेली, वाचता येतील न येतील अशी. हेडसर म्हणायचे हे काय आहे. बाई शांतपणे म्हणायच्या, बघा ना सर. र. कृ. जोशींचं नाव मी पहिल्यांदा बाईंच्या तोंडून ऐकलं. आपण कॉम्प्युटरवर वर्षानुवर्षं जो मंगल फाँट वापरला तो त्यांनी केलेला. कवी, अक्षरकार, आणि मुंबई आयआयटीच्या आयडीसी या डिझाइन विभागात शिकवायचेपण. बाई त्यांचं कात्रण पर्समध्ये ठेवायच्या.

खिडकीतली

आले परत. मंगल फाँटचं माहीतच नव्हतं, ऑफिसात रोज वापरला!

आमच्या सरांचं एक सांगते. स्थिरचित्राला माठ, खाली दुमडलेलं कापड, दोन वांगी. मी माठ काळ्या रेघेने गच्च बांधून टाकायचे. सर म्हणाले, बाळ माठाला कड कुठंय, हात लावून सांग. मी खरंच उठून माठावर हात फिरवला. कुठंच कड नव्हती, तो नुसता वळत गेला. त्यानंतर मी काळ्या रंगाची आउटलाइन कधीच काढली नाही. माझी मुलगी आता ८वीत आहे, तिलाही मी हेच करायला लावलं, तिच्या बाबांना वाटलं या दोघी माठाशी काय करतायत.

ताम्हण

ब्रशचं टोक करायला तोंडात घालायची सवय कुणाकुणाला होती? आमच्या बाई लांबून ओरडायच्या, "पोटात इंद्रधनुष्य होईल!" पोस्टर कलरच्या त्या छोट्या बाटल्या, झाकण अडकलेलं, आत रंग वाळून तडकलेला, मग पाणी घालून काडीने ढवळत बसायचं. कॅमलिनच्या दांडेकरांनी १९३१ला गिरगावात शाईपासून सुरुवात केली होती, आजोबा सांगायचे. आमच्या घरी शाई, कंपास, खडू सगळं त्यांचंच.

माडाखाली

सावंतवाडीचा आहे त्यामुळे चित्रकार हळदणकरांचा विषय काढल्याशिवाय राहवत नाही. सावळाराम लक्ष्मण हळदणकर, जन्म १८८२ सावंतवाडी. दिव्याच्या उजेडातली ती बाई, हाताच्या आडोशाने ज्योत सांभाळणारी, ते चित्र सगळ्यांनी कॅलेंडरवर बघितलंय आणि निम्मे लोक अजून ते रविवर्म्याचं समजतात. म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे आणि ते जलरंगात आहे! जलरंगात अंधार इतका खोल करायचा आणि बोटांतून झिरपणारा तांबूस उजेड कागदावर राखून ठेवायचा, ज्याने कधी पातळ रंगाचा वॉश दिलाय त्यालाच कळेल हे काय काम आहे. मॉडेल म्हणून त्यांची स्वतःची मुलगी उभी राहिली होती. त्या २०१८ला गेल्या, १०२ वर्षांच्या होऊन.

हे इथं का, तर हळदणकरांनी मुंबईत चित्रकलेचा क्लास काढला होता, आयुष्यभर शिकवलं. आमच्या शाळेतले सर हे चित्र वर्गात लावायचे आणि म्हणायचे, हा माणूसपण मास्तरच होता रे. ते म्हणताना त्यांचा आवाज बदलायचा.

पिंपळपान

@माडाखाली क्या बात है. शिकवल्याने चित्रकाराचा हात बिघडतो म्हणणाऱ्यांना हे चित्र दाखवावं. मुंबईच्या जेजे कला महाविद्यालयातले चित्रकार शंकर पळशीकर बघा, तिथंच शिकवलं, तिथंच डीन झाले, अकबर पदमसींसारखे मोठे चित्रकार त्यांच्या हाताखाली शिकलेले.

करवीर

आमच्याकडं कोल्हापूरला चंद्रकांत मांडरे. लोकांना सिनेमातले माहीत, पण त्यांची निसर्गचित्रं नि पावडर शेडिंग (कोरडी भुकटी कागदावर घासून केलेली चित्रं) बघा एकदा, राजारामपुरीत त्यांच्या राहत्या घराचंच संग्रहालय केलंय. आमचे सर दरवर्षी न्यायचे. आत गेलं की चपला काढायच्या आधी आवाज बंद.

ओसरी

सगळं वाचून काढलं. लिहू की नको करत होते, लिहितेच.

माझे बाबा चित्रकलेचे शिक्षक होते. तुम्ही लोक वर्गातलं लिहिताय, मी घरातलं सांगते. शाळेच्या पगारात भागायचं नाही म्हणून संध्याकाळी दुकानाच्या पाट्या, गाड्यांचे नंबर, मंडळांचे देखावे, निवडणुकीच्या भिंती. आम्ही भावंडं भिंतीला चुना लावून द्यायचो आणि बाबा दोऱ्याला काव लावून फटकन रेघ मारायचे. एकदम सरळ! रात्री जेवणं झाली की मग स्वतःचं काम. आई कॅनव्हास ताणून खिळे मारून द्यायची, सरस शिजवून जिंक व्हाइट कालवून अस्तर लावायची. आईला त्यातलं बाबांच्या बरोबरीनं कळायचं, कुठं कापड ढिलं आहे ते ती टिचकी मारून सांगायची. घरभर जवसाच्या तेलाचा नि टर्पेंटाइनचा वास, माझ्या शाळेच्या ड्रेसलापण.

फ्लेक्स आले आणि पाट्या बंद झाल्या. घरात काळजी होतीच पण बाबा एक दिवस म्हणाले, चला, आता संध्याकाळ माझी झाली. त्यानंतरच्या वर्षांत त्यांनी सगळ्यात जास्त चित्रं काढली. बहुतेक आमच्याच गल्लीची. दुपारी तीनची गल्ली, पावसातली गल्ली, लाईट गेलेली गल्ली. विकली गेली थोडी. विद्यार्थ्यांच्या लग्नात आहेर म्हणून मात्र भरपूर दिली, पाकीट कधी दिलं नाही. शेवटी हात थरथरायला लागला तेव्हा ब्रश सोडून रंग लावायचा पॅलेट नाइफ घेतला, मोठे मोठे सपाट रंगाचे थर, आणि ती चित्रं मला सगळ्यात जास्त आवडतात, का ते मला सांगता येत नाही.

गेल्या पावसाळ्यात बाबा गेले. पलंगाखाली, माळ्यावर, कपाटामागे सगळीकडे कागद आहेत. जलरंगांवर पांढरट ठिपके आलेत, बुरशी असावी. कुणाला माहीत असेल तर सांगा काय करू. एका चित्रावर मामाने प्रेमाने ओलं फडकं फिरवलं, रंग निघाला, म्हणून आता कुणाला हात लावू देत नाहीये.

खिडकीतली

ताई 🙏 आईंचं टिचकी मारणं वाचून थांबले. तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत.

शेवटचा बाक

चला आता संध्याकाळ माझी झाली. काय माणूस. तुमच्या बाबांना नमस्कार.

रंगाचा डाग

मी सध्या एका शाळेत चित्रकला शिकवतो म्हणून जरा आजचं. आरटीईत, म्हणजे शिक्षणहक्क कायद्यात, सहावी ते आठवीला शंभरपेक्षा जास्त मुलं असतील तर कलेला अर्धवेळ निदेशक, असं आहे. म्हणजे कायद्यातच आम्ही अर्धे. परीक्षा जवळ आली की पहिला तास आमचाच जातो गणिताला. आता पोरं ग्रेड परीक्षेला बसतात कारण दहावीला इंटरमिजिएटच्या अ श्रेणीला ७, ब ला ५, क ला ३ वाढीव गुण मिळतात. पालक विचारतात किती मार्क मिळणार. मी चिडत नाही. मार्कासाठी आलेलं पोरगं चार महिने रोज माठ बघतं, त्यातलं एखादं तरी परीक्षा झाल्यावर रिकाम्या तासाला येऊन विचारतं, सर कागद आहे का. मी रविवारी स्वतःचं काम करतो आणि सोमवारी वर्गात घेऊन जातो, पिंपळपान यांच्या सरांसारखंच. पोरं जाम टीका करतात. "सर म्हैस घोड्यासारखी झालीय." झाली होती खरंच!

बोरू आणि दौत

@रंगाचा डाग म्हैस बघायची आहे, फोटो टाका ना. आणि तुमच्या पोरांना बोरू हवे असतील तर पत्ता मेसेज करा, माझ्याकडं तासलेले पडून आहेत.

कोरा कागद

@ओसरी ताई, मी फ्रेमिंग आणि जुन्या कागदांचं काम करतो, म्हणून सांगतो. पहिलं, सगळ्यांचे फोटो काढा आहे त्या अवस्थेत, मागच्या बाजूचेपण, मागे तारीख किंवा जागा लिहिलेली असते बऱ्याचदा. बुरशीवाले कागद बाकीच्यांपासून वेगळे करा. ओलं काही लावायचं नाही, उन्हातही ठेवायचं नाही, रंग उडतो. सावलीत, हवा खेळेल अशा कोरड्या खोलीत सुटे पसरून ठेवा. पूर्ण कोरडे झाले की बाहेर अंगणात नेऊन तोंडाला मास्क लावून एकदम मऊ कोरड्या ब्रशने हलकेच, एकाच दिशेने. जिथं रंग भुकटीसारखा सुटत असेल तिथं थांबा, ते जाणकाराला दाखवा. नंतर ॲसिड फ्री (आम्ल नसलेला) कागद मधे घालून आडवे ठेवायचे, वर्तमानपत्र अजिबात नको, कागद पिवळा पडतो. लॅमिनेशन तर कुणी कितीही सांगितलं तरी नाही. फ्रेम कराल तेव्हा माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) लावून घ्या म्हणजे काच चित्राला चिकटणार नाही, आणि बाहेरच्या ओल येणाऱ्या भिंतीवर टांगू नका. ऑइलवर बटाटा फिरवून चमकवणारे भेटतील, त्यांना दारातूनच परत पाठवा.

नाइफवाली चित्रं उभी ठेवा, एकावर एक रचू नका, जाड थर चिकटतात.

ओसरी

@कोरा कागद खूप खूप आभार. आजच वेगळे करते. मागच्या बाजूला खरंच लिहिलेलं आहे, मी लक्षच दिलं नव्हतं, गल्लीच्या चित्रांवर वेळ लिहिलीय, "दु. ३.१०" वगैरे. ॲसिड फ्री कागद कुठल्या आकारात घेऊ? बहुतेक चित्रं हाफ इंपिरियल आहेत.

कोरा कागद

हाफ इंपिरियल म्हणजे साधारण १५ बाय २२ इंच. चारी बाजूंनी इंचभर जास्त राहील असा घ्या. किती चित्रं आहेत ते मोजून कळवा, एकगठ्ठा घेतला तर स्वस्त पडतो.