लॅपटॉप आत्ता घ्यावा की नव्या चिपसाठी थांबावं? तुमचे अनुभव लिहा

'थोडं थांब, नवी चिप येतेय' हे ज्याला कोणी सांगितलं नाही असा लॅपटॉप घेणारा माणूस मला तरी भेटलेला नाही. कायमच काहीतरी येत असतं. म्हणून हा धागा. कोणता लॅपटॉप चांगला हा विषय इथे नको, त्यावर ढिगाने लिहून झालंय. तुम्ही घेतलात की थांबलात, कशाच्या भरवशावर, आणि थांबला असाल तर तोवर काम कशावर काढलंत, तेवढं सांगा. नुसते बेंचमार्कचे, म्हणजे वेगचाचण्यांचे, आकडे आणून चिकटवू नका, ही विनंती.

माझं मत आधीच सांगून टाकतो. तारीख जाहीर झाली असेल आणि बदल मुळातला असेल तर थांबावं. 'पुढच्या वर्षी बहुतेक येईल' एवढ्यावर थांबू नये. इंटेलची 10 नॅनोमीटरची चिप 2016च्या सुमारास यायची होती, लॅपटॉपमध्ये ती सहज मिळायला 2019 उजाडलं. 'आता येईलच' म्हणत मधली वर्षं धापा टाकणाऱ्या मशीनवर काढलेले लोक माझ्या ओळखीत आहेत.

•

व्हिडिओ एडिटिंगवर माझं पोट आहे. 22 जून 2020ला ॲपलने जाहीर केलं की मॅकमधून इंटेल जाणार आणि वर्षअखेरीपर्यंत स्वतःच्या चिपचं पहिलं मशीन येणार. तारीख आहे, बदलही मुळातला आहे. धागाकर्त्यांच्या नियमाने मी थांबायला हवं होतं. पण जुनं मशीन एक्स्पोर्टला लावलं की पंख्याचा आवाज शेजारच्या खोलीत जायचा, आणि हातात मोठं काम होतं. जुलैत सरळ इंटेलचा 16 इंची मॅकबुक प्रो घेतला. सगळ्यांनी वेड्यात काढलं. मला अडचण वेगळीच दिसत होती: रंग आणि आवाज साफ करायचे जे प्लगइन मी रोज वापरतो, ते नव्या चिपवर कधी चालतील हे त्यांच्या कंपन्यांनाही सांगता येत नव्हतं.

10 नोव्हेंबरला एम1 जाहीर झाली. मित्राने लगेच बिनपंख्याचा एअर उचलला. फोर-के टाइमलाइन मांडीवर घेऊन तो इकडून तिकडे ओढत होता आणि मशीन गारच्या गार. जळलो, खोटं कशाला बोलू! पण तोवर माझं काम पोचतं होऊन पैसेही आले होते, आणि तो पुढे बराच काळ निम्मे प्लगइन रोझेटातून, म्हणजे इंटेलसाठी लिहिलेले प्रोग्राम नव्या चिपवर चालवणाऱ्या ॲपलच्या सोयीतून, चालवत होता. त्यातला एक प्लगइन तर उघडायचाच नाही.

माझं मशीन अजून चालतंय. मात्र इंटेलच्या मॅकसाठी मॅकओएस 26 ही शेवटची आवृत्ती, हे ॲपलने 2025च्या जूनमध्ये सांगून टाकलंय. त्यामुळे आता परत खरेदी आहे. या वेळी थांबणार नाहीये, कारण एम4 काय किंवा एम5 काय, माझे प्लगइन दोन्हीवर चालतात.

•

वरचा अनुभव वाचून बरं वाटलं. माझा बराच साधा आहे. मी शिक्षिका. लॅपटॉप सुरू करून चहा करून यावं तरी गोल गोल फिरतच असायचं. मुलाचं टुमणं, 'आई, प्रोसेसर जुना झालाय, नवी पिढी आली की घेऊ.' एकदा टास्क मॅनेजर उघडून दोघं बघत बसलो. प्रोसेसर 12 टक्क्यांवर निवांत, आणि डिस्कच्या रकान्यात लाल भडक 100. हार्ड डिस्क काढून एसएसडी घातली, रॅम 4 ची 8 केली. त्यावर पुढे कित्येक वर्षं प्रश्नपत्रिका काढल्या.

शेवटी घ्यावा लागला तो चिपमुळेच, पण वेगळ्या अर्थाने. 14 ऑक्टोबर 2025ला विंडोज 10 चा आधार संपला आणि माझा सातव्या पिढीचा आय5 विंडोज 11 च्या यादीत बसत नाही. ती तारीख कधीची माहीत होती, त्यामुळे घाईगर्दी झाली नाही.

•

शिक्षिका ताईंनी लाखमोलाचं सांगितलं. खरेदीआधी टास्क मॅनेजर बघायला पैसे पडत नाहीत.

मला लिहायचंय ते 'नवीन' या प्रकाराबद्दल. पुतण्यासाठी लॅपटॉप बघत होतो. तो म्हणाला, काका, एएमडीच्या रायझन प्रोसेसरची 7000 मालिका आलीय, आता जुनं नको. समोर दोन मशीन. एकात रायझन 7 7730यू, दुसऱ्यात रायझन 7 7840यू. दोन्हीवर '7', दोन्ही 2023 च्या मालिकेतले, स्टिकर सारखेच. त्या मालिकेत खरी गोम तिसऱ्या आकड्यात होती. तिथे 3 म्हणजे झेन 3 ही आतली रचना, जी लॅपटॉपमध्ये 2021 पासूनच होती. 4 म्हणजे झेन 4. आणि 2 असेल, म्हणजे 7520यू वगैरे, तर झेन 2, त्याहून जुनं. म्हणजे पुतण्या वर्षभर ज्यासाठी थांबला होता ते 7730यू घेऊन त्याला मिळालंच नसतं. इंटेलकडेही हेच: कोअर 7 150यू 2024 मध्ये आली, आतून मात्र जुनीच रॅप्टर लेक. 'अल्ट्रा' हा शब्द नावात नाही, तिथे जरा थबकायचं.

आम्ही 7840यू घेतला. पण पुतण्या वापरतो त्याला 7730यू सुद्धा पुरून उरला असता, हे त्याच्यादेखत बोलत नाही.

•

काका, हसून पुरेवाट!

मी थ्रीडीत काम करते, तेव्हा ग्राफिक्सचा मुद्दा मांडते. थांबणं माझ्या पथ्यावर पडलं. मला व्हीरॅम, म्हणजे ग्राफिक्स चिपची स्वतःची मेमरी, हवी होती, वेग नंतर. जड सीनमध्ये 8 जीबी संपली की रेंडर एक तर रांगतं नाहीतर बसकण मारतं. एनव्हिडियाच्या 40 मालिकेत लॅपटॉपला 4060 आणि 4070 दोन्हींना 8 च जीबी. 12 हवी तर थेट 4080, आणि ती माझ्या ऐपतीबाहेर. जानेवारी 2025 मध्ये 50 मालिका जाहीर झाली. 5060 आणि 5070 परत 8 वरच, पण 5070 टीआयला 12. मला हवं ते एक पायरी खाली आलं. लॅपटॉप मिळायला मार्च उलटला, तोवर जुन्या मशीनवर टेक्स्चर लहान करकरून काम भागवलं.

खेळण्यासाठी घेणाऱ्यांनी मालिका बघण्याआधी वॅट बघावेत. 4060 हे एकच नाव, पण कंपनी तिला 35 वॅटवर चालवते की 115 वर, हे मॉडेलगणिक बदलतं. पातळ देखण्या लॅपटॉपातल्या नव्या चिपला जाड्या लॅपटॉपातली जुनी चिप सहज मागे टाकते. मालिकेचं नाव जाहिरातीत ठळक असतं. वॅट शोधायला तपशिलाच्या पानावर पार तळाशी जावं लागतं, आणि तिथेही नसले तर मी ते मॉडेल सोडून देते.

•

मी दर वेळी पहिली तुकडी जाऊ देतो. 2011 च्या जानेवारीत इंटेलची सँडी ब्रिज ही चिप आली. घ्यायच्या बेतात होतो, आणि 31 जानेवारीला इंटेलनेच सांगितलं की सोबतच्या चिपसेटमध्ये दोष आहे, काही साटा पोर्ट (डिस्क जोडायच्या जागा) काळानुसार ढेपाळू शकतात. दुरुस्त चिपसेट येईपर्यंत थांबलो. तोच लॅपटॉप पुढे भावाने झिजेपर्यंत वापरला. लाँचच्या दिवशी घेणाऱ्यांबद्दल आदर आहे, ते आपल्यासाठी तपासणी करतात.

•

तो तपासणारा मी! 2024 च्या जूनमध्ये स्नॅपड्रॅगन एक्स या वेगळ्या (आर्म) बांधणीच्या चिपचे विंडोज लॅपटॉप आले, तेव्हा पहिल्या झुंडीत होतो. बॅटरीबद्दल बोलत होते ते खरं निघालं, चार्जर घरी ठेवून दिवसभर फिरतो. ब्राउझर, ऑफिस, बैठका, सगळं सुरळीत. एक जुना स्कॅनर मात्र मुकाट पडून आहे. साधे जुने प्रोग्राम एमुलेशनमधून, म्हणजे आतल्या आत भाषांतर होऊन, चालतात, पण जोडलेली यंत्रं चालवणारे ड्रायव्हर चालत नाहीत. ते त्या चिपसाठी वेगळे लिहावे लागतात, आणि इतक्या जुन्या वस्तूसाठी आता कोण लिहिणार? मला महिन्यातून एखाद्या वेळी लागतो, बायकोच्या लॅपटॉपला जोडतो. तुमचं रोजचं काम अशा एखाद्या यंत्रावर असेल तर आधी त्याचा ड्रायव्हर शोधा, मग चिपची स्तुती वाचा.

•

एक गोष्ट कोणीच लिहिली नाही म्हणून लिहितो. थांबलं की स्वस्त मिळतं, हे आपण धरून चालतो. नवं आलं की जुन्याची किंमत उतरते, हे एरवी बरोबरच. पण मी इंटेलच्या पँथर लेक या नव्या चिपसाठी थांबलो होतो, आणि 2025 च्या शेवटी रॅमच महागली. एआयची डेटा सेंटर मेमरी ओढून घेतायत. डिसेंबरात मायक्रॉनने तर क्रुशल या नावाने सामान्य ग्राहकाला रॅम आणि एसएसडी विकणं बंद करणार असल्याचं जाहीर केलं. चिप ठरल्याप्रमाणे जानेवारीत आली, पण जे मशीन मी 32 जीबीत घेणार होतो ते आता 16 मध्ये बघतोय.

•

(धागाकर्ता) रॅमचा मुद्दा माझ्या नियमात नव्हता, तो घालायला हवा. 16 घेण्याआधी एवढं मात्र बघा: ती नंतर वाढवता येते का? इंटेलच्या आधीच्या लुनार लेक चिपमध्ये रॅम प्रोसेसरच्या पॅकेजवरच बसवलेली होती, 16 किंवा 32, घेताना जे ठरवाल ते कायमचं. पँथर लेकमध्ये ती पुन्हा बाहेर आलीय, पण बाहेर म्हणजे स्लॉटमध्येच असं नाही, बऱ्याच पातळ मॉडेलांत बोर्डावर सोल्डर केलेली असते. स्लॉटवालं मॉडेल सापडलं तर 16 वर घ्या आणि कामाला लागा. नाही सापडलं तर कोणतं बघताय ते इथे टाका, कोणाकडे तरी असेलच.