स्टोअरचे गेम स्टीममध्ये जोडायचा खटाटोप कशासाठी?

खडूस_गेमर:
पीसी गेम पास, म्हणजे मायक्रोसॉफ्टची गेमसाठीची मासिक वर्गणी, घेतला की लोकांना हा किडा चावतोच: मायक्रोसॉफ्ट स्टोअरवरून उतरवलेले गेमही स्टीम या दुसऱ्या गेम दुकानाच्या लायब्ररीत दिसले पाहिजेत. माझ्या मते हा खटाटोप फुकट आहे. स्टीमच्या 'नॉन-स्टीम गेम जोडा' या खिडकीला गेम सुरू करणारी एक्झी फाईल लागते, आणि स्टोअरचे जुन्या पद्धतीचे गेम बसतात विंडोजॲप्स फोल्डरमध्ये, जो ॲडमिनलाही सहज उघडत नाही. मग मंडळी त्याची मालकी स्वतःकडे घेतात, परवानग्या बदलतात आणि पुढे अपडेट अडकलं की बोंब मारतात. एवढं करून मिळतं काय? सेव्ह एक्सबॉक्सच्या खात्यात, अचिव्हमेंट्सही तिकडेच. तुमच्या पदरात एक आयकॉन.

सोफासम्राट:
विंडोजॲप्सला हात लावा असं सांगितलं कुणी? यूडब्ल्यूपीहूक नावाचं मोफत, ओपन सोर्स टूल आहे. ते मशीनवरची स्टोअर ॲप्स शोधून यादी दाखवतं, तुम्ही खूण करायची, ते स्टीममध्ये शॉर्टकट टाकतं. स्टीम बंद करून पुन्हा चालू केलं की काम झालं. शिवाय एक्सबॉक्स ॲपमधून घेतलेले बरेच नवे गेम आता एक्सबॉक्सगेम्स या साध्या फोल्डरमध्ये उतरतात. त्यातल्या कंटेंट फोल्डरात बहुतेक वेळा 'गेमलाँचहेल्पर' ही फाईल असते, तीच स्टीमला दाखवायची.

आणि आयकॉनला हसू नका राव. माझा पीसी टीव्हीला जोडलेला आहे. बिग पिक्चर या स्टीमच्या टीव्हीसाठीच्या मोडमधून कंट्रोलरने गेम लावता आला, तर माऊससाठी उठावं लागत नाही. मला तेवढंच हवं होतं.

खडूस_गेमर:
गेम लागेल हो, पुढचं बोला. शॉर्टकटने यूडब्ल्यूपी, म्हणजे स्टोअरच्या त्या जुन्या पद्धतीचा, गेम सुरू केला तर स्टीमचा ओव्हरले (गेमवर उघडणारा स्टीमचा पडदा) त्याला चिकटत नाही, आणि ओव्हरले नाही म्हणजे कंट्रोलर जुळवून देणारं स्टीम इनपुटही धड नाही. एक्सबॉक्सचा कंट्रोलर असेल तर तो तसाही चालतो, त्याला स्टीम लागतच नाही. अडचण प्लेस्टेशनचा कंट्रोलर वापरणाऱ्यांची, आणि नेमकं त्यांनाच इथे काही मिळत नाही. त्यावर ग्लॉस-एसआय हा उपाय सांगतात. ते व्हायजेम या ड्रायव्हरच्या जोरावर खोटा एक्सबॉक्स कंट्रोलर उभा करतं, आणि त्या ड्रायव्हरचं काम 2023 मध्येच थांबलं. बंद पडलेल्या ड्रायव्हरवर किती दिवस विसंबणार?

सोफासम्राट:
सगळे गेम यूडब्ल्यूपी नसतात. आता गेम पासवर साधे विन32, म्हणजे नेहमीच्या विंडोज प्रोग्रॅमसारखे, गेम भरपूर आहेत, त्यांतल्या काहींना ओव्हरले चिकटतो, काहींना नाही. लावून बघायचं. नाही जमलं तर शॉर्टकट काढून टाकायचा, गेमला धक्का लागत नाही.

जुना_मॉनिटर:
तुम्ही दोघं स्टीम हेच केंद्र धरून भांडताय. प्लेनाइट बघा. मोफत, ओपन सोर्स. स्टीम, एपिक, गॉग, एक्सबॉक्स, सगळ्यांची लायब्ररी एका ठिकाणी ओढतं, खेळलेला वेळ स्वतः मोजतं आणि फुलस्क्रीन मोड कंट्रोलरवर चालतो, म्हणजे सोफ्याचा प्रश्नही मिटला.

मुळात ही कटकट आली कुठून? 2016 मध्ये मायक्रोसॉफ्टचा 'क्वांटम ब्रेक' हा गेम आधी विंडोज स्टोअरवर आला आणि काही महिन्यांनी स्टीमवर. त्याच वर्षी एपिक कंपनीचे प्रमुख टिम स्वीनी यांनी यूडब्ल्यूपीवर जाहीर टीका केली होती, की अशाने पीसी बंदिस्त होईल. पुढे मायक्रोसॉफ्टने स्वतःचेच गेम स्टीमवर आणले. म्हणजे जोडायला लागू नये अशी सोय कंपनीनेच केली, फक्त तिथे गेम विकत घ्यावा लागतो.

खडूस_गेमर:
मीही तेच म्हणतोय! गेम पास म्हणजे भाड्याचं घर, तिथे नावाची पाटी कसली लावता? गेम यादीतून गेला की स्टीममध्ये मेलेला शॉर्टकट उरतो. आवडला तर सेलमध्ये स्टीमवरच घ्या.

डेकवाली:
एक राहिलं. हे शॉर्टकट स्टीम डेक या स्टीमच्या हातात धरायच्या गेमिंग पीसीवर चालतील या आशेवर कुणी असेल तर थांबा. त्यावरची स्टीमओएस ही प्रणाली लिनक्सवर आहे, विंडोजवर नाही; स्टोअरचे गेम तिथे बसत नाहीत. एज ब्राउझरमधून क्लाउडवर खेळता येतात, आणि गंमत म्हणजे त्या एजलाच नॉन-स्टीम म्हणून स्टीममध्ये जोडावं लागतं.

सोफासम्राट:
घ्या! खडूसभाऊ, आता ताईंनाही आयकॉनवरून बोलणार का?

खडूस_गेमर:
तिथे दुसरा मार्गच नाही, म्हणून चालेल. विंडोजवर एक्सबॉक्स ॲप समोर असताना नाही.