विषय: फिफ्टीन माइल क्रीकचे यजमानपद आणि मंडळाची कालवा-सहल

सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार.

सप्टेंबरच्या सहलीसाठी पोटोमॅक नदीकाठच्या जुन्या सी अँड ओ (चेसापीक अँड ओहायो) कालव्याचे नाव कार्यकारिणीपुढे आले आहे. आपल्यापैकी एक काका-काकू मागच्या उन्हाळ्यात त्याच कालव्यावर कॅम्पग्राउंड होस्ट म्हणून राहून आले, हे बऱ्याच जणांना ठाऊक आहे. काका, चाळीस माणसांनी, त्यांत दहा मुले आणि चार-पाच आजी-आजोबा धरून, एका दिवसात तिथे नेमके काय पाहावे, हे आपण कृपया कळवावे. दुसरा प्रश्न घरगुती आहे. आम्ही दोघे पुढच्या वर्षी निवृत्त होत आहोत. "तिथे फुकट राहायला मिळते" एवढेच ऐकून आहोत. पण हे काम आम्हाला झेपेल का?

— सहल समितीच्या वतीने

◆

ताई आणि मंडळी, नमस्कार.

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो. फुकट राहायला मिळते हे खरे, पण जागा तेवढी मिळते. डोक्यावरचे छप्पर आपले आपण ओढत न्यावे लागते. आम्ही आमची ट्रेलर घेऊन लिटल ऑर्लिन्सजवळच्या फिफ्टीन माइल क्रीक तळावर राहिलो. पगार नाही. सकाळी फेरी मारून कोणत्या जागेवर कोण उतरले आहे ते पाहायचे, शेकोटीच्या लोखंडी कड्यांतली राख आणि त्यात हमखास सापडणारी बाटल्यांची बुचे काढायची, शौचालयातला कागद संपला की नवा लावायचा आणि उरलेला दिवस "पाणी कुठे मिळेल?" या प्रश्नाचे उत्तर देत राहायचे. पाणी हातपंपाचे असते. रात्री दहानंतर स्पीकर वाजवणाऱ्यांना समजावण्याचे काम मी काकूंकडे सोपवले होते, कारण त्यांचा आवाज ऐकल्यावर कुणी दुसऱ्यांदा सांगायची वेळ आणत नाही.

माझ्याकडूनच पहिल्या आठवड्यात एक चूक झाली. घरामागे तोडलेल्या झाडाची लाकडे मी मोठ्या कौतुकाने गाडीत भरून नेली होती. रेंजरबाईंनी हसतमुखाने, पण ठामपणे ती जळणासाठी वापरू दिली नाहीत. अ‍ॅशची झाडे पोखरून मारणारा हिरवा भुंगेरा अशाच लाकडांतून गावोगाव पोहोचतो, हे मला तोवर माहीत नव्हते. जळण तिथलेच घ्यावे, ही सूचना सहलीलाही लागू आहे.

आता कालव्याविषयी. जॉर्जटाउन ते कंबरलँड 184.5 मैलांची ही वाट एका दिवसात पाहण्याचा विचारही करू नये. 4 जुलै 1828 रोजी अध्यक्ष जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स यांनी कालव्याची पहिली कुदळ मारली आणि त्याच दिवशी बाल्टिमोरला बी अँड ओ (बाल्टिमोर अँड ओहायो) रेल्वेचाही पाया घातला गेला. रेल्वे कंबरलँडला 1842 मध्ये पोहोचली, कालवा 1850 मध्ये. ओहायो नदी गाठायचे स्वप्न तिथेच सुटले. तरीही कोळशाने भरलेल्या, सुमारे 120 टनांच्या नावा खेचरे काठच्या वाटेवरून दोरांनी ओढत नेत राहिली, आणि 1924 च्या पुरानंतर ही वाहतूक कायमची थांबली. पुढे या वाटेवरून मोटाररस्ता काढण्याची टूम निघाली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी 1954 साली त्या रस्त्याची बाजू घेणाऱ्या वॉशिंग्टन पोस्टच्या संपादकांना सोबत चालण्याचे आव्हान दिले आणि स्वतः सगळे अंतर चालून गेले. 1971 मध्ये या कालव्याला राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यानाचा दर्जा मिळाला.

चढ 605 फुटांचा आणि तो पार करणारी लॉके 74. मुलांना समजावताना मी त्याला "दोन्ही तोंडांना दारे असलेला हौद" म्हणत असे: नाव आत घ्यायची, खालचे दार लावायचे, वरून पाणी सोडायचे, की पाण्याबरोबर नावही वर येते. लॉकवाल्याला राहायला घर मिळे, पण भोंगा वाजला की मध्यरात्रीही उठून दार उघडावे लागे. रात्री बारा वाजता कुणी आमच्या ट्रेलरवर टकटक केली, की काकू मला "उठा, लॉकवाले" म्हणत.

मंडळासाठी माझी सूचना एकच आहे: पॉ पॉ बोगदा. वाहनतळापासून अर्ध्या मैलाची सपाट वाट आहे, त्यामुळे आजी-आजोबांनाही अडचण नाही. बोगदा 3,118 फूट लांब असून नदीची सहा मैलांची वळणे वाचवण्यासाठी तो खोदला. दोन वर्षांत होईल म्हणून 1836 मध्ये सुरू केलेल्या कामाला पैशाची टंचाई आणि मजुरांचे तंटे यांमुळे चौदा वर्षे लागली. आतल्या विटा साठ लाखांच्या घरात आहेत. मधोमध पोहोचल्यावर टॉर्च क्षणभर विझवून पाहा. दोन्ही टोकांचा उजेड नाण्याएवढा दिसतो. मग वाटेच्या लाकडी कठड्यावर हात फिरवा. खेचरांच्या दोरांनी लाकडावर पाडलेले खोल चरे बोटांना लागतात. आत एका वेळी एकच नाव मावत असे. दोन नावाड्यांनी माघार घ्यायचे नाकारले, तेव्हा अधिकाऱ्याने मक्याची ओली ताटे जाळून धुराने त्यांना बाहेर काढले, अशी गोष्ट तिकडे सांगतात. खरी असो वा नसो, ऐकताना मला आपल्या पार्किंगमधले काही प्रसंग आठवले.

सप्टेंबरात गेलात तर नदीकाठी पॉपॉची फळे पिकलेली असतील. हे झाड आपल्या सीताफळाच्या कुळातले आहे. गर मऊ, बिया मोठ्या, चव सीताफळ आणि केळे यांच्या मधली.

— आपला, काका

◆

काका, सविस्तर उत्तराबद्दल मनापासून आभार. समितीने पॉ पॉ बोगदा नक्की केला आहे. जेवण तिथेच करायचे असल्याने कचऱ्याच्या डब्यांची सोय आहे का, एवढे कळवावे. मिसळीसाठी चाळीस थर्माकोलच्या ताटल्या मागवायच्या आहेत.

◆

ताई, डबे नाहीत. आपला कचरा आपणच परत न्यायचा, हा तिथला नियम आहे. चाळीस तेलकट ताटल्या तुमच्या गाडीच्या डिकीत दोन-अडीच तास वास मारतील. तेव्हा प्रत्येकाला घरून स्टीलची ताटली आणायला सांगा. टॉर्चही दर माणशी एक हवा, कारण मोबाइलच्या उजेडात वाटेवरची डबकी दिसत नाहीत.