फ्लॅटमध्ये शंभर वॅटचा गिटार ॲम्प: ॲटेन्युएटरशिवाय टोन नाहीच?

सोल्डर: ‘पॉवर ट्यूब तापल्याशिवाय हाय-गेन टोन येत नाही, फ्लॅटमध्ये ॲटेन्युएटर घ्याच’ असं कालच्या पोस्टमध्ये ठोकून दिलंय. (पॉवर ट्यूब म्हणजे ॲम्पच्या शेवटच्या टप्प्यात स्पीकरला ताकद देणाऱ्या ट्यूब; ॲटेन्युएटर म्हणजे ॲम्प आणि स्पीकरच्या मध्ये बसून आवाज उतरवणारा डबा.) साफ चूक! ५१५० किंवा रेक्टिफायर या हाय-गेन ॲम्पचं डिस्टॉर्शन (फाटलेला, जाड आवाज) प्रीॲम्पमध्येच, म्हणजे पॉवर ट्यूबच्या आधीच्या टप्प्यात बनतं. हळू आवाजात पातळ वाटतं ते कानामुळे. फ्लेचर-मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच दाखवलंय की आवाज उतरला की बेस आधी कमी ऐकू येतो. गेन (प्रीॲम्पमधली वाढ) ७ वरून ४ वर आणा, नाहीतर पिकचा ठोका कॉम्प्रेशनमध्ये बुडतो. मग लूपमध्ये (प्रीॲम्प आणि पॉवर ट्यूबच्या मध्ये पेडल जोडायची जागा) ईक्यू पेडल (बेस-ट्रेबल कमीजास्त करणारं) लावा: १०० हर्ट्झला ३-४ डीबी वर, लेव्हल बरीच खाली. मास्टरच्या (एकूण आवाजाच्या नॉबच्या) सुरुवातीच्या केसभर टप्प्यात नुसता हात लागला तरी आवाज उसळतो; लेव्हल खाली असली की मास्टर वर नेता येतो आणि तिथून सुटका होते. लूप पॅरलल (मूळ आणि पेडलमधून आलेला सिग्नल मिसळणारा) असेल तर मिक्स पूर्ण १०० वर ठेवा, नाहीतर मूळ सिग्नल बाजूने निसटतो आणि लेव्हल उतरतच नाही.

जुनीट्यूब: पोस्ट माझी होती. तुम्ही दोन ॲम्पवरून सगळ्यांना एका माळेत ओवताय. मार्शलच्या जेसीएम८०० २२०३ ॲम्पचं काय? मूळ मॉडेलला लूपच नाही, आणि प्रीॲम्पमध्ये तेवढा गेनही नाही. मास्टर ५ वर गेल्याशिवाय तो बोलत नाही. शंभर वॅटचा एक वॅट करायला २० डीबी कापावे लागतात. ते ईक्यूने करून दाखवा.

तारवाला: एवढा खटाटोप कशाला? चारातल्या दोन पॉवर ट्यूब काढा, आवाज निम्मा.

सोल्डर: निम्मा कुठून? वॅट निम्मे होतात, म्हणजे फक्त ३ डीबी. कानाला निम्मा वाटायला साधारण १० लागतात. आणि कोणत्या दोन काढायच्या ते तरी सांगा! एक तर बाहेरच्या दोन, नाहीतर आतल्या दोन. एकाच बाजूच्या काढल्या तर पुश-पुलचा (दोन बाजूंच्या ट्यूब आळीपाळीने काम करतात त्या रचनेचा) अर्धा भागच गेला.

तारवाला: बाहेरच्याच म्हणतोय मी. कॅब (स्पीकरची पेटी) १६ ओहमचा, ॲम्पवरचा ओहमचा सिलेक्टर १६ वर. संपलं.

जुनीट्यूब: अहो, काय सांगताय लोकांना! दोन ट्यूब गेल्या की उरलेल्या दोघींना दुप्पट इम्पिडन्स (ओहममध्ये मोजला जाणारा विरोध) लागतो. १६ चा कॅब असेल तर सिलेक्टर ८ वर.

तारवाला: १६ चा कॅब ८ वर लावला की ट्रान्सफॉर्मर जातो, हे सगळेच सांगतात.

जुनीट्यूब: सगळे सांगतात ते चारही ट्यूब असताना. ट्रान्सफॉर्मरच्या ८ च्या टॅपवर (जोडणीवर) १६ जोडले की प्रायमरीला (ट्यूबकडच्या वेटोळ्याला) दुप्पट ओहम दिसतात, दोन ट्यूबना नेमके तेच हवेत. ट्रान्सफॉर्मर जातो तो लोडच नसताना: प्रायमरीवर व्होल्टेज उसळतं आणि इन्सुलेशन फुटतं. आणि ॲम्प ते कॅब स्पीकर केबलच लावा. गिटारची बारीक केबल तिथे लावू नका.

तारवाला: ठीक आहे, ८. पण तसं पहिल्यांदाच लिहायचं होतं, अंगावर कशाला येता?

सोल्डर: २२०३ पुरतं मीही मानतो, त्याला ॲटेन्युएटर लागेल. पण २० डीबी कापणार असाल तर रिॲक्टिव्ह, म्हणजे खऱ्या स्पीकरसारखा वागणारा घ्या. नुसत्या रेझिस्टरवाल्यात स्पीकरचा बेसचा उंचवटा आणि वरच्या ट्रेबलचा चढ दोन्ही सपाट होतात, मग घोंगडी पांघरल्यासारखं वाजतं. ५१५० वाल्यांनी मात्र पैसे वाचवावेत.

जुनीट्यूब: ५१५० पुरतं मान्य, त्यापुढे नाही. आणि कॅब जमिनीवरून उचलून कानाच्या उंचीला ठेवा. ट्रेबल स्पीकरच्या समोर सरळ जातो. पायाशी ठेवलेला कॅब उभ्याने ऐकून लोक ट्रेबल वाढवत बसतात.