19 जूनची सुट्टी तुमच्याकडे कशी जाते? (अनुभव)

1865 साली 19 जूनला अमेरिकेत, टेक्ससमधल्या गॅल्व्हस्टन बंदरात जनरल गॉर्डन ग्रेंजर यांनी हुकूम काढला, की सगळे गुलाम मुक्त आहेत. लिंकन यांचा जाहीरनामा निघून तोवर अडीच वर्षं उलटली होती. तोच हा जूनटीन्थ. टेक्ससमध्ये 1980 पासून ही राज्याची सुट्टी आहे. देशाची सुट्टी व्हायला 2021 उजाडलं. आपल्यातल्या पुष्कळांच्या कॅलेंडरात हा दिवस तेव्हाच आला. तुम्ही काय पाहिलंत, कोणाकडून काय कळलं, ते लिहा. सुरुवात मी करते.

ह्यूस्टनहून
सतरा वर्षं इथे आहे. पहिली काही वर्षं 19 जून म्हणजे शेजारच्या आजींच्या अंगणातून येणारा बार्बेक्यूचा धूर, एवढंच माहीत. एकदा त्यांनीच कुंपणापलीकडून हाक मारली. टेबलावर सगळं लालेलाल: लाल सोडा, कलिंगडाच्या फोडी, स्ट्रॉबेरीचा केक. पूर्वजांच्या सांडलेल्या रक्ताची आठवण म्हणून लाल, असं त्या म्हणाल्या. पुढच्या वर्षी मी कोकम सरबत करून नेलं. आजींनी पेला उन्हात धरून रंग न्याहाळला, घोट घेतला, जिऱ्याच्या चवीला जरा थबकल्या आणि मग हाका मारमारून सगळ्यांना पाजलं.

त्याच मला थर्ड वॉर्डमधल्या इमॅन्सिपेशन पार्कला घेऊन गेल्या. गुलामीतून सुटून जेमतेम सात वर्षं झालेली, हातावर पोट असलेली माणसं. त्यांनी 1872 मध्ये वर्गणी काढून दहा एकर जमीन विकत घेतली, ती हा दिवस साजरा करता यावा म्हणून. पाद्री जॅक येट्स त्यात पुढे होते. म्हणजे वॉशिंग्टनने सुट्टी दिली त्याच्या 149 वर्षं आधी! आजी तिथल्या बाकावर बसून म्हणाल्या, ‘आम्ही कधी कोणाची परवानगी मागितली नाही. पण देशाने म्हटलं, बरं वाटलं.’ मी ते वाक्य अजून मनात घोळवते.

मेरीलँडहून
मी सरकारी प्रयोगशाळेत आहे. 2021 मध्ये 17 जूनला, गुरुवारी दुपारी, बायडन यांनी सही केली. 19 ला शनिवार, म्हणून सुट्टी थेट दुसऱ्या दिवशी. 1983 च्या मार्टिन ल्यूथर किंग दिनाच्या कायद्यानंतर पहिलीच नवी सुट्टी. मी मनातल्या मनात घरची रखडलेली कामं मोजायला लागलो. संध्याकाळी गटातल्या एका कृष्णवर्णीय सहकाऱ्याचा फोन आला. त्याची आई बातम्या बघून रडत होती आणि त्याला ते कोणाला तरी सांगायचं होतं. अर्धा तास मी फक्त ऐकलं. घरची कामं त्या शुक्रवारी काही झाली नाहीत. टीव्हीपुढे बसून सगळं नीट समजून घेतलं.

फोर्ट वर्थहून
ओपल ली आमच्या गावच्या, त्यामुळे लिहिल्याशिवाय राहवत नाही. त्या बारा वर्षांच्या असताना, 1939 मध्ये, बरोबर 19 जूनलाच, गोऱ्या जमावाने त्यांचं घर उद्ध्वस्त केलं. पुढे त्या शिक्षिका झाल्या. 2016 मध्ये, वयाच्या 89 व्या वर्षी, ही सुट्टी देशाची व्हावी म्हणून वॉशिंग्टनच्या दिशेने चालायला निघाल्या. ठिकठिकाणी अडीच मैल चालायचं, वाया गेलेल्या अडीच वर्षांसाठी. कायद्यावर सही झाली तेव्हा त्या 94 वर्षांच्या होत्या आणि शेजारीच उभ्या होत्या.

त्या चालण्याला एका वर्षी मी आईला नेलं. ती सासवडची, पालखीच्या वाटेवर वाढलेली. सुती साडी, पायात माझे बूट, डोक्यावर ओला रुमाल. टेक्ससचं ऊन तुम्हाला ठाऊकच आहे. मी दोनदा विचारलं, गाडी बोलवू का? ती म्हणाली, ‘त्या बाई चालतायत ना? मग गप चल.’

पोर्ट लुईहून
मॉरिशसमध्ये ही सुट्टी 1 फेब्रुवारीला असते. इथली गुलामी 1835 साली संपली. पळालेले गुलाम ज्या ल मॉर्न डोंगरात आसरा घेत, त्याच्या पायथ्याशी त्या दिवशी लोक जमतात. ज्या मराठी कुटुंबाकडे मी राहते, त्यांचे पूर्वज कोकणातून करारावर उसाच्या मळ्यांत आले. मुक्त झालेल्यांच्या जागी राबायला माणसं हवी होती, म्हणून. 2 नोव्हेंबरला त्यांच्या आगमनाचीही सुट्टी असते. घरातले आजोबा दोन्ही दिवशी फुलं वाहायला जातात.

पुण्याहून
अमेरिकेत कधी गेलो नाही, पण एक आठवण करून देतो. जोतीरावांनी 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना. गॅल्व्हस्टनच्या हुकमाला तेव्हा आठच वर्षं झाली होती. तो मजकूर दर 19 जूनला वाचतो.

न्यू जर्सीहून
मुलगी दहा वर्षांची. ‘अडीच वर्षं त्यांना कोणी सांगितलंच नाही?’ हा तिचा प्रश्न. खरं तर बातमी अनेकांच्या कानावर होती. पण टेक्सस यादवी युद्धाच्या रणभूमीपासून लांब, उलट दुसऱ्या राज्यांतले मालक गुलामांना घेऊन तिथे गेलेले. फौज पोचेपर्यंत सोडतंय कोण? आमच्या न्यू जर्सीतली उरलीसुरली गुलामीही 13 वी घटनादुरुस्ती आल्यावरच, डिसेंबर 1865 मध्ये, संपली.

मग आम्ही ग्रेंजर यांचा हुकूम पूर्ण वाचला. पुढे त्यात म्हटलंय, की मुक्त झालेल्यांनी आहेत तिथेच शांतपणे राहावं आणि मजुरीवर काम करावं. तिने बोट तिथेच ठेवलं.

‘मजुरी कोण देणार? तेच मालक?’

‘हो. तेच.’